कोण आत, कोण बाहेर : मार्गशीर्षातला खान्देश

चंपाषष्ठी झाली की खान्देशात भरताच्या मैफली रंगायला लागतात. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणाऱ्या घरांत खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला जातो आणि वांगं पुन्हा ताटात येतं. चार महिने बाजारात तेच वांगं असतं, चवही तीच. बदलतो तो काळ. काही वस्तू, दिवस आणि जागा रोजच्या व्यवहारातून बाजूला काढायच्या, त्यांच्याभोवती विधिनिषेध उभे करायचे आणि ते पाळणाऱ्यांचा एक समुदाय तयार करायचा, अशी धर्माची मांडणी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १९१२ साली केली. तीत देव असलाच पाहिजे अशी अट नाही. समुदाय मात्र हवाच.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवर सगळा सिद्धान्त उभा करणारा दुर्खीम ऑस्ट्रेलियाला कधी गेलाच नाही. स्पेन्सर आणि गिलन या अभ्यासकांनी तिथे टिपून ठेवलेल्या नोंदींवर त्याने काम भागवलं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचकाला ही सबब नाही. जळगावच्या रथापासून कानबाईच्या रोटापर्यंत सगळं बसच्या अंतरावर आहे.

धर्माचं समाजशास्त्र प्रत्यक्ष बघायला मार्गशीर्ष शुद्ध पक्षात निघावं आणि पौर्णिमेला सारंगखेड्याच्या यात्रेत पोहोचावं, असा हा सहा दिवसांचा मार्ग. धर्म माणसं जोडतो हे पुस्तकात वाचलेलं असतंच. इथे बघायचं ते एवढंच, की जोडताना रेघ कुठे मारली जाते. ती भाषणात सापडत नाही. पंगतीत कोण बसतं, दोराला कोणाचे हात लागतात, पावतीवर कोणाचं नाव येतं आणि मिरवणूक कुठल्या गल्लीत वळते, इथे सापडते.

पहिला दिवस : जळगाव

सुरुवात जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिरापासून. इथला रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. तो कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे आपण पोहोचतो तेव्हा होऊन गेलेला असतो. एका अर्थी बरंच आहे. उत्सवात माणसं कामात असतात, महिन्याभराने बोलायला मोकळी असतात, आणि हिशेब व मानापमान दोन्ही अजून ताजे असतात.

रथ ओढणाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, मोगरी लावणाऱ्यांकडे कोणाचं जात नाही. अवजड लाकडी रथाला ना ब्रेक ना स्टेअरिंग. चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवायची, की त्या बाजूचं चाक अडतं आणि रथ वळतो. थांबवायचा असेल तेव्हाही मोगरीच. ती उशिरा पडली तर रथ उतारावर गर्दीत घुसेल, लवकर पडली तर दोर ओढणारे एकमेकांवर आदळतील. म्हणून हे काम हौशी माणसाला मिळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो आणि तो ज्यांच्याकडे असतो त्यांना मान असतो. श्रद्धा कितीही असो, दर वर्षी नेमकं तेच काम नेमक्या त्याच माणसांनी केल्याशिवाय उत्सव उभा राहत नाही. ‘समाज एकत्र येतो’ असं म्हणताना ही कामाची वाटणी विसरली जाते. कोणत्या घराकडे कुठलं काम, हे विचारून वहीत उतरवलं की गावाचा अर्धा नकाशा हाती येतो.

रथाच्या मार्गावर भिलपुऱ्यात लालशहाबाबांची समाधी आहे. तिथे रथ थांबतो, समाधीवर चादर चढवली जाते आणि मुस्लिम समाजाकडून रथाचं स्वागत होतं. अप्पा महाराज आणि लालशहाबाबा यांच्या स्नेहाची आठवण त्यामागे सांगतात. याला ‘सलोखा’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की ही भेट कोणाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोडलेली नाही. ती मार्गातच बसवलेली आहे. मनं बिघडलेल्या वर्षीही रथ तिथे थांबणारच.

दुपारनंतरचा वेळ कानबाई या खान्देशी देवीच्या सणासाठी ठेवावा. सण श्रावणातला, पण त्याची माहिती बारा महिने मिळते, कारण खान्देशी घराचं नातेगोतेच त्यात गुंतलेलं आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नाक-डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर केळीच्या खांबांमध्ये मांडणी होते. रात्र गाण्यांत जागवतात आणि सोमवारी बाया वाजतगाजत चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर विसर्जनाला जातात. हा झाला बाहेरून दिसणारा भाग.

आतला भाग रोटाचा, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जेवणाचा. बऱ्याच घरांत रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि त्याच हिशेबाने हरभऱ्याची डाळ. म्हणजे पाच पुरुष असतील तर सव्वासहा मुठी. ते दळायचं, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. सोबत खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. हा रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. सुरत, नाशिक, पुण्याला नोकरीला गेलेले भाऊ दिवाळी चुकवतील, पण रोटाला येतात.

गहू मोजायची मूठ ही इथे जनगणना आहे. कोणाच्या नावाने मूठ पडली हे पाहिलं की कुळात कोण धरलं जातं ते कळतं. नव्याने जन्मलेल्या मुलाची मूठ पडते, मुलीची बहुतेक ठिकाणी पडत नाही. दळणारी, लाटणारी, पुरण घाटणारी बाई, आणि मोजणी मात्र पुरुषांची. लग्न झालेल्या मुलीला माहेरचा रोट चालतो का, याचं उत्तर घरागणिक बदलतं, तेव्हा ते गृहीत धरू नये. भावाभावांत वाटण्या झाल्या की रोट एकत्र राहिला की वेगळा झाला, हा प्रश्न जमिनीच्या उताऱ्याइतकाच बोलका ठरतो. चुली वेगळ्या पण रोट एक, असंही असतं. चुली आणि रोट दोन्ही वेगळे असतील, तर मधे कोर्टकचेरी झालेली असण्याची शक्यता बरीच.

विचारायची पद्धत महत्त्वाची. ‘तुम्ही रोट का करता?’ असं विचारलं की ‘परंपरा आहे’ या दोन शब्दांत मुलाखत संपते. त्याऐवजी ‘मागच्या श्रावणात कितले गहू घेतले, कोण कोण जेवायला होतं, कोण आलं नाही?’ असं विचारावं. माणूस कारणं सांगताना शिकवलेलं बोलतो, घटना सांगताना घडलेलं बोलतो. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोलावं. प्रमाण मराठीत विचारलं की समोरची आजीबाई शाळामास्तरांशी बोलावं तशी बोलते.

दुसरा दिवस : मुक्ताईनगर आणि चांगदेव

जळगावहून भुसावळमार्गे सुमारे साठ किलोमीटर. गावाचं जुनं नाव एदलाबाद. तापीकाठी मेहूणच्या परिसरात १२९७ साली वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, ही वारकरी परंपरा. कोथळीला जुनं मंदिर आहे. पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं दगडी मंदिर आहे. ते पुरातत्त्व खात्याकडे असल्याने तिथे पूजा आणि संरक्षित वास्तूचे नियम शेजारी शेजारी नांदतात. महाशिवरात्रीला दोन्ही ठिकाणी यात्रा भरते. चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याने कोवळ्या मुलीला गुरू केलं, ही कथा इथे प्रत्येकाला पाठ आहे. बाईला गुरुस्थानी मानणाऱ्या या परिसरात कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या बाया किती आणि संस्थानांच्या विश्वस्त फलकांवर बायांची नावं किती, हे मोजून बघावं. फलक भिंतीवरच असतो, कोणाला विचारावंही लागत नाही.

मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांत सर्वांत आधी निघणाऱ्यांपैकी आणि सर्वांत लांबचा पल्ला गाठणाऱ्यांपैकी आहे. ज्येष्ठाच्या सुरुवातीला निघून विदर्भ-मराठवाडा तुडवत ती महिन्याहून जास्त चालते. यात्रेकरूंबद्दल व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की घर सोडलेला आणि तीर्थाला न पोहोचलेला माणूस मधल्या अवस्थेत असतो. तिथे हुद्दा, श्रीमंती, जात यांची पकड सैल पडते आणि माणसाला माणूस थेट भेटतो. वारीत एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी पाहिले की हे पटतं.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे मात्र स्वतः दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांना दिसलं ते असं, की माणसं एका वाटेने चालतात, एकच अभंग गातात आणि जेवायला जातीजातीने वेगळी बसतात. टर्नरने पुढे त्यांच्या लेखाचा आधार घेतला, पण तो भर देतो एकत्र येण्यावर, आणि इरावतीबाईंना बोचत राहतं ते वेगळं बसणं. दोघांत एकाला खोटं ठरवायची गरज नाही. चालताना टर्नर खरा, पंगतीत इरावतीबाई खऱ्या. आजही दिंडीचा अभ्यास करायचा तर दिवसाच्या चालीपेक्षा रात्रीच्या मुक्कामाच्या नोंदी जास्त उपयोगी पडतात. शिधा कोणी दिला, स्वयंपाक कोणी केला, राहुटी कोणाची, भांडी कोणी घासली. वाटेतल्या गावांनी पालखीच्या जेवणाचे दिवस वाटून घेतलेले असतात, तेव्हा कोणत्या गावात कोणाची पंगत हेही विचारावं. ही वाटणी सहजासहजी बदलत नाही आणि बदलली की त्यामागे काहीतरी घडलेलं असतं.

तिसरा दिवस : अमळनेर

भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी पकडली की अमळनेर. शहर लहान, पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतका माल एका ठिकाणी क्वचित मिळतो. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी, वैशाख शुद्ध एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ साली स्थापन केलेलं तत्त्वज्ञान मंदिर. १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली आणि पुढे विप्रो झालेली कंपनीही इथलीच.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचा प्रश्न इथे नेऊन ठेवावा. प्रॉटेस्टंट पंथांतल्या काटकसरी, कामाला वाहून घेण्याच्या वृत्तीने आधुनिक भांडवलशाहीला बळ दिलं, असं त्याने १९०४-०५ मध्ये मांडलं आणि भारतात परलोकाची ओढ व जातिव्यवस्था आड आली असं पुढे म्हटलं. अमळनेरमध्ये मात्र गिरणी काढणारा माणूसच वेदान्ताच्या अभ्यासाला पैसा देतो. वेबर चुकला असं एवढ्यावरून म्हणणं घाईचं होईल, कारण त्याचा प्रश्न भांडवलशाही मुळात उगवण्याचा होता, ती आयती आल्यावर चालवण्याचा नव्हता. परीक्षेत मात्र हा फरक विसरून वेबरला झोडपलं जातं.

वेबरची दुसरी कल्पना इथे जास्त कामाची. संताच्या अंगी तेज असतं, लोक त्याच्या शब्दावर चालतात. संत गेल्यावर ते तेज टिकवायचं तर गादी, परंपरा, नियम, हिशेबाची वही लागते. सखाराम महाराजांच्या संस्थानात गादीची परंपरा आहे, आणि व्यक्तीचं तेज पदात कसं उतरतं ते तिथे बसून दिसतं.

साने गुरुजी याच गावात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केलं. त्यानंतर मंदिर खुलं झालं. ‘भेदाभेद अमंगळ’ म्हणणाऱ्या संतांच्या देवळात जायला त्यांच्याच अनुयायांपैकी काहींना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. धर्म म्हणजे दडपलेल्यांचा सुस्कारा आणि त्यांची अफू, असं मार्क्सने १८४४ मध्ये लिहिलं. लोक अफू लक्षात ठेवतात, सुस्कारा विसरतात. गुरुजींच्या उपोषणात तिसरीच गोष्ट दिसते. देवळाच्या भाषेतच देवळाला जाब विचारता येतो.

मंगळवार असेल तर चोपडा रस्त्यावरचं मंगळग्रह मंदिर बघावं. पत्रिकेत मंगळ असलेल्यांची इथे शांती, अभिषेक यांसाठी रांग लागते. गावाचा नाही, कुळाचा नाही, असा हा देव. भाविक लांबून येतात, पावती फाडतात, विधी उरकतात आणि जातात. शेजारच्या पाटावर कोण बसलंय याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं. इथे जात कोणी विचारत नाही, कारण कोणी कोणाला काहीच विचारत नाही. रोटाच्या पंगतीनंतर ही रांग पाहिली की धर्माचं रूप किती वेगवेगळं असतं ते लक्षात येतं. लग्न जुळवण्याची चिंता हे या गर्दीचं मोठं इंजिन आहे, म्हणून प्रश्न विचारायचेच तर आईबापांना विचारावेत. लग्नाच्या मुलामुलींना रांगेत छेडू नये.

चौथा दिवस : धुळे

धुळ्यात बघायचा तो रस्ता. जुन्या धुळ्यातला ‘खुनी गणपती’ हे नाव परक्याला दचकवतं. १८९५ साली मशिदीसमोरून मिरवणूक जाताना दंगल झाली, त्यात माणसं मेली आणि गणपतीला व मशिदीला, दोघांनाही हे नाव चिकटलं. सार्वजनिक गणेशोत्सव नुकताच सुरू झाला होता आणि मशिदीपुढे वाजवण्यावरून ठिकठिकाणी तंटे पेटत होते. आता अनंत चतुर्दशीला पालखी त्या मशिदीपाशी येते, आरती होते, मुस्लिम मंडळी फुलं वाहून स्वागत करतात.

जळगावच्या भिलपुऱ्याशी हे ताडून पाहावं. तिथे स्नेहाची आठवण आहे, इथे खुनाची. दोन्हीकडे विधी जवळपास सारखाच. विधीला मूळ कारणाची फिकीर नसते, तो एकदा मार्गात बसला की चालतो. पण विधी आहे म्हणून शहर सुरक्षित, असा निष्कर्ष काढू नये. २००८ आणि २०१३ साली याच शहरात दंगली झाल्या. वर्षातून एक दिवस फुलं वाहणारे दोन मोहल्ले बाकी दिवस एकत्र व्यापार करतात का, एका शाळेत मुलं घालतात का, एका मंडळात बसतात का, यावर बरंच ठरतं. म्हणून मिरवणुकीच्या नकाशासोबत शाळांचा आणि घाऊक बाजाराचा नकाशा काढावा.

इथे विद्यार्थ्यांचं एक हमखास फसतं. आधी पुढाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या जातात आणि पुढारी दोन्हीकडचे ‘आमच्याकडे सगळे भाऊ-भाऊ’ हेच सांगतात. मग गल्लीतला माणूसही तेच ऐकवतो, कारण अमुक साहेबांकडून तुम्ही आलात हे त्याला कळलेलं असतं. उलट क्रमाने जावं. चहावाला, सायकल दुरुस्तीवाला, मंडपवाला, मग कार्यकर्ते आणि शेवटी पुढारी. मंडपवाला विशेष. त्याला सगळ्या धर्मांच्या सणांचं गिऱ्हाईक असतं आणि कोणाचं बिल थकलं तेही ठाऊक असतं. दंगलीबद्दल थेट विचारू नये, आणि बोलणारा आपणहून बोलला तर नाव, दुकान, गल्ली वहीत लिहू नये.

दुपारी राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर. रामदासी मठांतली बाडं शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून जमवली, ती इथे आहेत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, हेही याच शहरातलं. ऐकणारे सत्याग्रही कैदी होते. ग्रंथ तोच, पण मठात वाचला तर एक अर्थ, सरकारविरुद्ध तुरुंगात गेलेल्यांनी ऐकला तर दुसरा.

संध्याकाळी पांझरेकाठी एकवीरा देवी. कुलधर्माला, जावळाला आलेली कुटुंबं बघून घ्यावीत. कुळाची रेघ इथे पुन्हा दिसते, रोटाइतकी कडक नाही.

पाचवा दिवस : अक्कलकुवा, मोलगी

धुळ्याहून शहादा-तळोदा मार्गे अक्कलकुवा आणि पुढे देवगोई घाट चढून मोलगी. पहाटे निघावं. घाटात वळणं भरपूर आणि मोबाईलला रेंज बेभरवशाची, तेव्हा मुक्कामाची सोय आधी करावी. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर होतं.

या भागावर सगळ्यांचा डोळा आहे, असं म्हटलं तर चूक नाही. अक्कलकुव्यात मोठी निवासी मदरसा संस्था आहे आणि तिच्या छत्राखाली इतर शिक्षणसंस्थाही चालतात. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनचं हॉस्पिटल आहे. हिंदू संघटनांचे आश्रम आहेत. सरकार जिथे विरळ, तिथे धर्म शाळा आणि दवाखाना घेऊन येतो. ‘धर्मांतर की सेवा’ या वादात शिरण्याआधी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतो, ते बघून यावं.

आदिवासींचा धर्म कोणता, यावर १९४० च्या आसपास मोठा वाद झाला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचं म्हणणं, हे ‘मागासलेले हिंदू’. मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनला त्यांचं वेगळेपण जपावंसं वाटत होतं. सातपुड्यात आलं की दोन्ही बाजू दिल्ली-मुंबईच्या वाटतात. वाघदेव, गावदेव, देवमोगरा माता यांची पूजा चालते, होळी हा सर्वांत मोठा सण, आणि फॉर्मवर ‘हिंदू’ लिहिलेलं. २०११ च्या जनगणनेत सहा मोठ्या धर्मांबाहेरचा धर्म नोंदवणारे देशात सुमारे ७९ लाख होते. ठरलेल्या रकान्यात न बसणाऱ्याने कुठे बसायचं, हा प्रश्न त्या आकड्यामागे आहे.

काठी गावची राजवाडी होळी फाल्गुनातली. त्यासाठी वेगळं यावं लागेल. आठवडाभर आधी भोंगऱ्या बाजार भरतात. व्रत घेतलेले बुध्या आणि बावा अंगावर ठिपके काढून, कमरेला भोपळे-घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घालून नाचतात. व्रताच्या दिवसांत खाटेवर बसायचं नाही, असे कडक नियम. उंच बांबू उभा करून होळी पहाटे पेटते. दुर्खीमला अभिप्रेत असलेलं सामूहिक उधाण, म्हणजे एकत्र जमलेल्या माणसांना चढणारं भारलेपण, बघायचं तर हे. हल्ली फोटोवाले इतके जमतात, की नाचणाऱ्यांना वर्तुळ मोठं करायला जागा उरत नाही. कॅमेरा नेलाच तर तो वर्तुळाबाहेर ठेवावा.

आता खरा रस असलेला विषय. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिल्लांमध्ये ‘आप’ पंथाची चळवळ उभी केली. रोज स्नान, दारू-मांस वर्ज्य, आरतीला सामूहिक जमाव, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणून नमस्कार. ज्यांना सावकार आणि सरकारी शिपाई अरे-तुरे करत, त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं ठरवलं.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या चौकटीत हे झटकन बसतं. खालच्या मानलेल्या गटाने वरच्यांचे आचार उचलायचे आणि प्रतिष्ठा वाढवायची. बसतं, पण पुरतं नाही. शेजारच्या दक्षिण गुजरातेत १९२२ साली आदिवासींमध्ये देवीची चळवळ झाली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने तिचा अर्थ असा लावला, की दारू सोडणं हा पारशी दारूविक्रेत्यांच्या आणि त्यामागून येणाऱ्या कर्जाच्या पकडीतून सुटण्याचा मार्ग होता. दारू उधारीवर, उधारीपायी मजुरी, शेवटी जमीन, अशी ती साखळी. अंगात आलेल्या देवीने ती तोडायला सांगितली, आणि देवीचं म्हणणं सावकाराला कोर्टात खोडता येत नव्हतं. गुलाम महाराजांच्या चळवळीकडेही असं बघितलं की आरती ही नुसती नक्कल राहत नाही. पुढे १९७० नंतर शहाद्याला जमिनीचा लढा उभा राहिला तेव्हा त्यात अंबरसिंग महाराजांसारखा भजनांतून आलेला कार्यकर्ता होता, आणि बायांनी दारूची मडकी फोडली. भजन आणि मोर्चा यांच्यात इथे फार अंतर नव्हतं.

दुसरी बाजूही लिहावी. व्रत घेतलेले आणि न घेतलेले अशी नवी रेघ पडते. दारू सोडलेल्याने न सोडलेल्याच्या घरी जेवायचं का, तिथे मुलगी द्यायची का, सणाला मोहाची दारू देवाला वाहायची की नाही, असे प्रश्न एका कुळात उभे राहतात. प्रत्येक सुधारणा कोणाला तरी बाहेर ठेवते. इथे रात्री बोलणं जास्त होतं, पण दुभाष्या पंथातला असेल तर पंथाबाहेरचे गप्प बसतात. दुभाषे दोन ठेवावेत.

सहावा दिवस : प्रकाशा, सारंगखेडा

प्रकाशा वाटेवरच. दक्षिण काशी म्हणून ख्याती, केदारेश्वराचं दर्शन, तापीकाठी दशक्रियेची गर्दी. १९५४-५५ च्या उत्खननात इथे ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. तासभर पुरे.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. देवाची रांग एकीकडे, घोड्यांच्या दावणी दुसरीकडे, आणि पर्यटन खात्याच्या चेतक महोत्सवाचे तंबू तिसरीकडे. कोण कशासाठी आलंय ते मोजायचं तर दर तासाला पंधरा मिनिटं एकाच जागी उभं राहून माणसं मोजावीत. दिवसभर मोजत बसलं की दुपारनंतर आकडे मनाने लिहिले जातात.

घोड्याच्या सौद्यात दोन प्रकारची परीक्षा होते. एक दातांची. अडीच वर्षांच्या सुमारास पुढची मधली दुधाची जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरतं. मग चाल बघतात. रेवाल चालीला भाव चढतो. दुसरी परीक्षा भोवऱ्यांची. केसांचे भोवरे कपाळावर, गळ्यावर, छातीवर कुठे आहेत यावरून शुभ-अशुभ ठरतं. गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असला तर किंमत वर, अशुभ जागी भोवरा निघाला तर देखणा घोडाही दावणीला तसाच उभा.

मानवशास्त्रज्ञ मलिनोव्स्कीने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलं, की शांत खाडीत मासेमारीला जाताना लोक जादूटोणा करत नाहीत, खोल समुद्रात जाताना करतात. जिथे कौशल्य पुरतं तिथे मंत्र नाही, जिथे धोका उरतो तिथे मंत्र. बाजारातही तसंच. वय दातात दिसतं, म्हणून त्याला शकुन लागत नाही. घोडा घरी नेल्यावर जगेल का, मालकाला फेकेल का, हे कोणालाच दिसत नाही, आणि भोवरे तिथे लागतात. सिद्धान्तात न बसणारं एक टिपून ठेवण्यासारखं आहे. भोवरा न मानणारे व्यापारी अशुभ ठरलेले घोडे स्वस्तात उचलतात आणि जिथे कोणी भोवरे बघत नाही अशा गिऱ्हाइकाला, लग्नाच्या वरातीच्या धंद्याला वगैरे, विकतात. विकताना मात्र हेच व्यापारी दुसऱ्या घोड्याचा देवमण बोट ठेवून दाखवतात. त्यांची श्रद्धा किती, हे विचारून कळणार नाही. त्यांनी घोडा कितीला घेतला आणि कितीला दिला, हे दोन आकडे मिळवावेत. तेही दुपारी चारच्या आत, कारण त्यानंतर दलाल आपल्या हिशेबात गुंततात आणि दोंडाईचा स्टेशनकडे जाणाऱ्या जीपांत जागा उरत नाही.